जावक रजिस्टरातले मामा

मला बघायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांनी बाबांना विचारलं होतं, "मुलगी काय करते?"

बाबा म्हणाले, "अंबरनाथला कंपनीत ऑफिसात असते."

मुलाचे काका चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "ऑफिसात असते ते कळलं. पण करते काय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांची बशी घेऊन उभी होते. मान खाली घालून उभं राहायचं असं आईनं बजावलं होतं, पण माझं डोकं पहिल्यापासून तापट. मी म्हटलं, "कंपनीत आलेला प्रत्येक कागद कुठून आला आणि बाहेर गेलेला प्रत्येक कागद कुठे गेला, ते मी सांगू शकते. बाकी कोणाला सांगता येणार नाही." काका हसले. "म्हणजे क्लार्क," असं म्हणून त्यांनी कप पुन्हा उचलला. ते स्थळ जमलं नाही याचं मला आजही वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या दिवशी मी छातीठोकपणे जे सांगितलं, ते तेव्हा खरं नव्हतं. एक कागद कुठे गेला होता ते मलाही सांगता आलं नसतं, आणि गंमत म्हणजे तो हरवलाय हेच मला ठाऊक नव्हतं.

आमचं मूळ गाव बारवी धरणाच्या वाटेवर. आम्ही भावंडं शाळेत असताना बाबांनी बदलापूरला बेलवलीत खोली घेतली. बारावीनंतर मी उल्हासनगरला टायपिंगच्या क्लासला जायला लागले. खाली कापडाची दुकानं आणि वर क्लास. खालून सिंधी दुकानदारांची एकमेकांना 'साईं, साईं' चाललेली असायची आणि वर आम्ही पंधरा मुली एका तालात बोटं आपटायचो. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही परीक्षा पास झाले. आमच्या नात्यातल्या मुली नर्सिंगला जात, नाहीतर बालवाडीत शिकवत. मला मात्र टेबल हवं होतं. ड्रॉवर असलेलं, आणि त्या ड्रॉवरची किल्ली माझ्याकडे असलेलं. यात हसण्यासारखं काय आहे ते मला कधी कळलं नाही, पण घरात सगळे हसायचे.

नोकरी मिळाली ती अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात. बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं बनवायचे. शेठ उल्हासनगरचे, सिंधी. माणूस देवभोळा, पण कामाच्या बाबतीत डोळ्यात तेल घालून बसणारा. ऑफिसात आधीपासून एक बाई होत्या, त्यांना सगळे ताई म्हणत. ताई निवृत्तीला टेकल्या होत्या आणि त्यांच्या जागेसाठी मला घेतलं होतं. दोन महिने त्यांनी मला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, छळलं. फाइलला भोक पाडायचं तर कागद मधोमध दुमडून खूण करूनच. पत्राखाली सही घ्यायच्या आधी जोडपत्रं मोजायची. रजिस्टरात दोन ओळींच्या मध्ये कधीही काही लिहायचं नाही, चुकलं तर रेघ मारून खाली लिहायचं आणि शेजारी सही करायची. आणि सगळ्यात मोठा नियम पोचेचा.

कुठल्याही ऑफिसात कागद द्यायला जाताना त्याच्या दोन प्रती न्यायच्या. एक त्यांना द्यायची आणि दुसरीवर त्यांचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन परत आणायची. ती पोच. ताई म्हणायच्या, "देवाला नारळ दिलास तरी पोच घे. देवाचा तुझ्यावर विश्वास असेल गं, पण उद्या पुजारी बदलला तर?"

ताई गेल्या आणि त्यांचं टेबल माझं झालं. ड्रॉवरची किल्लीही मिळाली. मिळालं नव्हतं ते एकच, नेमणुकीचं पत्र. शेठ म्हणाले होते, "छह महिना देखेंगे बेटा, फिर पत्र देंगे." ते सहा महिने मी रोज कॅलेंडरवर खोडत होते. मशीनवर येणाऱ्या प्रत्येक माणसाचं नेमणूकपत्र मीच टाइप करायचे. नमुना कॉम्प्युटरात तयार होता, फक्त नाव बदलायचं. कधीकधी दुपारी कोणी नसताना मी त्यात माझं नाव घालून बघायचे. छान दिसायचं. मग पुसून टाकायचे.

पाचव्या महिन्यात कारखान्याच्या एका परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. अर्ज ऑनलाइन भरायचा, पण त्याची छापील प्रत सगळ्या जोडपत्रांसकट एका सरकारी कचेरीत नेऊन द्यायची. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. मी फाइल तयार केली, शेठकडे सहीला नेली. शेठनी सही केली आणि नेहमीप्रमाणे टेबलावरच्या डबीत बोट बुडवून फाइलच्या वरच्या कोपऱ्यावर कुंकवाचा ठिपका लावला. महत्त्वाचा कागद बाहेर जाताना ते हे करायचेच. मला त्याची लाज वाटायची. सरकारी कचेरीत पांढऱ्या फाइलवर लाल बोट! मी एकदा म्हटलंही होतं, "शेठ, हे नको ना, बरं दिसत नाही." ते म्हणाले, "काम होना चाहिए, दिखने का क्या है?"

त्याच दिवशी सकाळी बाबांनी माझ्या हातात एक लग्नपत्रिका दिली होती. माझ्या चुलत भावाचं लग्न होतं. "तू त्या कचेरीत चाललीसच तर मामाला देऊन टाक," बाबा म्हणाले. हे मामा म्हणजे आईचे चुलत भाऊ. आईला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे आम्हाला मामा म्हणून हेच. त्या कचेरीत ते आवकच्या टेबलावर होते, म्हणजे येणारे कागद घ्यायचे, नंबर टाकायचे आणि शिक्का मारायचे. आपला मामाच तिथे म्हटल्यावर मी निर्धास्त होते. पत्रिका चुरगळू नये म्हणून मी ती फाइलच्या आत सरकवली आणि निघाले.

खिडकीशी रांग होती. मामांनी मला लांबूनच बघितलं आणि बाजूच्या दारानं आत बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. शेजारच्या टेबलवाल्यांना अभिमानानं सांगितलं, "भाची माझी. अंबरनाथला कंपनीत आहे." मी फाइल पुढे केली. म्हटलं, "मामा, हा अर्ज आहे आणि आत पत्रिका आहे." मामांनी फाइल कपाळाला लावली, पत्रिकेचा मान म्हणून, आणि म्हणाले, "आण. तुझं काम मी स्वतः करतो. ढिगात नाय टाकत." त्यांनी फाइल बाजूला ठेवली.

दुसरी प्रत माझ्या हातात होती. मी ती अर्धी बाहेरही काढली होती. पण समोर चहा होता, मामा आईची विचारपूस करत होते, आणि ज्या माणसानं मला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली त्याला 'इथे सही करा' म्हणायला माझी जीभ रेटेना. आमच्याकडे आपल्या माणसाकडून सही घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटा म्हणणं. मी प्रत परत पिशवीत टाकली. चहा प्यायले, पाया पडले आणि आले.

ऑफिसात येऊन जावक रजिस्टर उघडलं. बाहेर जाणारा कागद त्यात नोंदवायचा, आणि 'कोणास दिले' या रकान्यात घेणाऱ्याचं नाव आणि हुद्दा लिहायचा. मी लिहिलं, 'परवाना नूतनीकरण अर्ज, जोडपत्रांसह.' कोणास दिले: 'मामा.' हो, खरंच तसं लिहिलं. पुढचा सहीचा रकाना रिकामा. आणि रजिस्टर भरायची मला तेव्हा इतकी हौस होती, की खालच्या ओळीवर लिहिलं, 'लग्नपत्रिका, एक नग.' कोणास दिले: 'मामा.'

लग्न झालं. हळदीला मामा नाचले. अडीच महिने गेले. मधल्या काळात ते बघायला आलेले पाहुणे येऊन गेले. शेठ कामात होते म्हणून सहाव्या महिन्याचं बोलणं पुढे गेलं होतं. गणपती पंधरा दिवसांवर आले असताना एक नोटीस आली. 'आपल्या अर्जाची छापील प्रत या कार्यालयास प्राप्त झालेली नाही. आठ दिवसांत खुलासा न केल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल.' मी ती तीनदा वाचली. मग उठून पाणी प्यायले आणि स्वतःच शेठच्या केबिनमध्ये नेऊन दिली.

शेठ म्हणाले, "पोच ला."

मी म्हटलं, "पोच नाही."

"नाही म्हणजे?"

"घेतली नाही."

त्यांनी जावक रजिस्टर मागवलं. चष्मा लावला, बोट फिरवत त्या ओळीवर आले आणि थांबले. "ये मामा कौन है?"

बाहेर माल सांभाळणारे स्टोअरवाले कान देऊन होते. शेठनी खालची ओळ वाचली. "और ये शादी का कार्ड भी जावक में? अरे साईं, ये कंपनी है के मंडप है?" स्टोअरवाले फिसकन हसले. माझे कान तापले. शेठ मात्र हसत नव्हते. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि शांतपणे सांगितलं, "बेटा, परवाना गया तो मशीन बंद. फाइल में सब दाखले ओरिजिनल थे, झेरॉक्स चलेगा नहीं. आठ दिवस में या तो कागद ला, या तो सबूत ला. नहीं तो तेरे पत्र का बात मत करना."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. या वेळी रांगेत उभी राहिले. मामांनी नोटीस वाचली, आवक रजिस्टर काढलं, त्या तारखेचं पान उघडलं. आमच्या कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. त्यांचे साहेब मागेच उभे होते. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिली असतीस तर इथं नोंद असती. मला तर काय आठवत नाय."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. भाची माझी म्हणून मिरवणारा माणूस! भांडावंसं वाटलं, तिथेच, साहेबांसमोर. पण भांडून कागद मिळाला असता तर आमच्या गावात एकही कागद हरवला नसता. मी बाहेर आले, बाकड्यावर बसले, पिशवीतून कोरा कागद काढला आणि अर्ज लिहिला. 'आमची फाइल आपल्या कार्यालयात दाखल केली आहे, परंतु नोंद आढळत नाही. कृपया शोध घ्यावा.' समोरच्या दुकानातून झेरॉक्स काढली आणि परत रांगेत उभी राहिले. नंबर आल्यावर दोन्ही प्रती खिडकीतून आत सरकवल्या.

मामांनी वरची प्रत घेतली. मी दुसरी पुढे ढकलली. "पोच द्या."

"माझ्याकडं पोच मागतेस?"

"हो, मामा."

त्यांनी शिक्का असा मारला की टेबल हाललं. सही केली आणि कागद माझ्याकडे न देता खिडकीच्या कट्ट्यावर टाकला. मी उचलला, घडी घातली, पिशवीत ठेवला.

मी घरी पोचण्याआधी बातमी घरी पोचली होती. मामांनी आईला फोन केला होता. आई चूल पेटल्यासारखी पेटली होती. "आपलेच मानसाकरं सही मागाची? लाज नाय वाटत तुला?" मी म्हटलं, "त्यांना नाही वाटली, आठवत नाही म्हणताना?" आई म्हणाली, "अगं, उद्या तुजे लग्नान तुजे पाठी कोन उभा ऱ्हनार? तोच ना? का तुजा तो शेठ?" आमच्याकडे नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. आईला सख्खा भाऊ नाही हे दुःख तिला आयुष्यभर पुरलंय आणि मी त्यातच हात घातला होता. त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. जेवलो मात्र एकाच ताटात, कारण भाजी तिनं माझ्याच आवडीची केली होती.

पुढचे चार दिवस मी सकाळी ऑफिसचं काम उरकायचे आणि दुपारी कचेरीच्या बाकड्यावर जाऊन बसायचे. शोधाच्या अर्जाची पोच हातात असल्यामुळे मला कोणी उठवू शकत नव्हतं. साहेबांनी कपाटं उघडायला लावली. एका बाईनं मला गठ्ठे बघायला दिले. मी धूळ खात प्रत्येक पांढऱ्या फाइलचा कोपरा बघायचे, लाल ठिपका आहे का. ज्याची लाज वाटत होती त्याचाच आता आधार होता. नव्हता. एकाही फाइलवर ठिपका नव्हता. मामा त्यांच्या टेबलावर पाठ करून बसलेले असायचे. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी चहा पाठवला. मी प्यायले नाही. आता वाटतं, प्यायला हवा होता.

सहाव्या दिवशी मी माझ्या टेबलावर जावक रजिस्टर उघडून बसले. सरळ सांगते, राजीनाम्याचा मजकूर डोक्यात तयार होता. त्याचाही नमुना कॉम्प्युटरात होता. समोर त्या दोन ओळी. अर्ज, मामा. पत्रिका, मामा. स्टोअरवाल्यांचं हसणं आठवलं आणि पुन्हा राग आला. त्या रागातच मी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. पत्रिका मी वेगळी दिलीच नव्हती. ती फाइलच्या आत होती. मग अर्ज हरवला तर पत्रिकाही हरवायला हवी. पण मामा तर लग्नाला आले होते, वेळेवर, पत्रिकेत लिहिलेल्या हॉलवर. म्हणजे पत्रिका त्यांच्या घरी पोचली होती.

आणि फाइलवर कुंकू होतं.

आमच्याकडे हळदकुंकू लावलेली पत्रिका कोणी टाकत नाही. पाय लागू नये म्हणून ती देवाजवळ ठेवतात. वर्षभराच्या पत्रिका तिथे साठतात आणि मग गणपतीबरोबर नदीत सोडतात. गणपती नऊ दिवसांवर होते, आणि नोटिशीचे दोनच दिवस उरले होते.

मी घरी गेले आणि आईला म्हटलं, "चल, मामाकडे जायचंय." माफी मागायला चाललेय असं वाटून ती लगेच तयार झाली. वाटेत तिनं पेढे घेतले. मी घेऊ दिले.

मामांचं घर आमच्या मूळ गावातच, बारवीच्या रस्त्याला. मामी अंगणात भांडी घासत होती, गणपतीची साफसफाई काढली होती. मामा नुकतेच कचेरीतून आले होते. मला बघून ते खुर्चीतून उठलेच नाहीत. मी चप्पल काढली आणि सरळ मामीलाच विचारलं, "मामी, लग्नाच्या पत्रिका कुठे ठेवतेस?"

"देवाचे फलीवर हायेत ना, बाय. कालच बांधून ठेवल्यान. का गं?"

तिनं हात धुतले, देव्हाऱ्यावरच्या फळीवरून लाल दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा काढला. गठ्ठ्याच्या तळाशी सगळ्यांत मोठी होती माझी फाइल. कोपऱ्यावर शेठचं बोट, थोडं फिकं झालेलं. आत अर्ज, सगळी जोडपत्रं आणि चुलत भावाची पत्रिका. मामी म्हणाली, "ही होय? यांच्या पिशवीन मिलाली. कुकू होता, म्हनून ठेवली. मला वाटला, मोठे घरची मोठी पत्रिका."

मग मामांनी कपाळावर हात मारला. सगळं त्यांना आठवलं होतं. माझं काम ढिगात जाऊ नये म्हणून त्यांनी फाइल नंबर न टाकता डब्याच्या पिशवीत ठेवली होती. जेवण झाल्यावर स्वतः साहेबांकडे नेणार होते. जेवण झालं, दुसरं काम आलं आणि पिशवी घरी गेली. मी आपलं माणूस म्हणून पोच घेतली नाही, आणि त्यांनी आपलं माणूस म्हणून नोंद केली नाही. परक्या माणसाची फाइल असती तर दोन मिनिटांत नंबर पडला असता.

मामा उठून माझ्याजवळ आले. आवाज एकदम खाली आला होता. "उद्या सकाळी ये. मागच्या तारखेचा शिक्का मारून देतो. कोणाला कळायचं नाय."

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. मागची तारीख म्हणजे माझी चूकच पुसली जाणार होती. शेठच्या टेबलावर पोच ठेवली असती की सबूत तयार. पण मी ते आवक रजिस्टर चार दिवस बघत होते. त्या तारखेच्या पानावर एकही ओळ मोकळी नव्हती. मामांना दोन ओळींच्या मध्ये लिहावं लागलं असतं. आणि दोन ओळींच्या मध्ये लिहिलेलं कधी ना कधी कोणीतरी वाचतंच. मामांच्या निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता.

"नको," मी म्हटलं. "उद्याचाच मारा."

आईनं माझ्याकडे बघितलं. तिला अर्धं कळलं होतं, अर्धं नाही. पण पेढ्यांचा पुडा तिनं स्वतःच उघडला आणि पहिला पेढा मामांच्या नाही, माझ्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुलासा टाइप केला. 'छापील प्रत दाखल केल्याची पोच आमच्याकडे नाही. ती न घेणे ही आमची चूक आहे. प्रत सोबत जोडत आहोत, ती दाखल करून घ्यावी ही विनंती.' मामांचा उल्लेख कुठेही नव्हता. शेठनी वाचलं आणि भुवया वर केल्या. "अपनी गलती अपने हाथ से लिखके देते हैं क्या?"

"होती म्हणून लिहिली, शेठ. दुसऱ्याची लिहिली असती तर पत्र दोन पानी झालं असतं."

"फाइल मिली किधर?"

"देवाजवळ."

शेठचे डोळे मोठे झाले. त्यांनी हात जोडले. "देखा? मैं बोला था ना, कुमकुम लगाओ!" मी त्यांच्या श्रद्धेला धक्का लावला नाही. त्यांनी सही केली, आणि खुलाशाच्या कोपऱ्यावर पुन्हा बोट टेकवलं. या वेळी मी काही बोलले नाही.

कचेरीत मी रांगेत उभी राहिले. मामांनी आधी रजिस्टर उघडलं, नंबर टाकला, फाइलवर शिक्का मारला. मी दुसरी प्रत काढायच्या आत त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "दुसरी दे." शिक्का, तारीख, सही, सहीखाली पूर्ण नाव. कागद त्यांनी माझ्या हातात दिला. चहा विचारला नाही आणि मलाही नको होता. मागे रांग होती.

परवान्याचं काम झालं. माझं झालं नाही. शेठ म्हणाले, "गलती मानी, अच्छा किया. लेकिन गलती तो किया. तीन महिना और." मी चिडले, घरी जाऊन उशीत डोकं खुपसून रडले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅलेंडरवर खोडायला लागले. त्या तीन महिन्यांत माझ्या रजिस्टरात सहीचा एकही रकाना रिकामा राहिला नाही. कुरिअरवाला मला बघून आधी पेन काढायचा. स्टोअरवाले पाठीमागून म्हणायचे, "मॅडम पाणी दिलं तरी पोच घेतात." म्हणू देत.

तीन महिने झाले त्या दिवशी मी काही आठवण करून दिली नाही. दुपारी शेठनी हाक मारली. "वो नेमणुकीवाला नमुना निकाल. नाम बदल." मी विचारलं, "कोणाचं घालू?" ते म्हणाले, "तेरा, और किसका?" नाव टाइप करताना पहिल्यांदा माझी बोटं अडखळली. दोन प्रती काढल्या. शेठनी सही केली, कुंकू लावलं. जावक रजिस्टर मी स्वतःच उघडलं. विषय: 'नेमणूकपत्र, ऑफिस असिस्टंट, कायम.' कोणास दिले, या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं, बाबांच्या नावासकट, आडनावासकट. पुढे सही केली. मग बराच वेळ ते पान तसंच उघडं ठेवलं.

येताना बेलवलीच्या कोपऱ्यावर त्या पत्राची झेरॉक्स काढली. घरी येऊन पत्र आईच्या हातात दिलं. आईला वाचता थोडंच येतं, पण कोपऱ्यावरचं कुंकू तिला दिसलं. तिनं पत्र कपाळाला लावलं आणि देव्हाऱ्याकडे निघाली, पत्रिकांच्या फळीकडे.

"आई, थांब," मी म्हटलं. "ठेव, पण आधी ही घे." मी झेरॉक्स आणि पेन तिच्यापुढे धरलं.

"ह्यो काय?"

"पत्र तुला मिळालं, त्याची पोच. सही कर."

मला वाटलं ती पेटणार. पण तिनं कागद आणि पेन घेतलं. मग खाली बसली, झेरॉक्स पाटावर ठेवली, पेनचं टोपण दातानं काढलं. ती फक्त रेशनच्या आणि बचत गटाच्या कागदावर सही करते, आणि तिला वेळ लागतो. मी घाई केली नाही. तिनं एकेक अक्षर कोरत पूर्ण नाव लिहिलं. मग विचारलं, "तारीख कुठं टाकाची?"